भाच्याच्या सतरा मॅच आणि आमच्या चार

परवा जेवून उठतोय तोवर भाच्याचा मेसेज आला, "मामा, शेड्यूल आलंय, लिंक टाकलीय बघा." हात धुवायच्या आधी लिंक उघडली. त्याच्या अमेरिकेतल्या कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या सतरा मॅच. ऑगस्टच्या शेवटी एक सरावाची मॅच आहे, ती धरायची नाही, आणि मग सप्टेंबरपासून ऑक्टोबर संपेपर्यंत सतरा, प्रत्येकीसमोर तारीख, वार, टाइम, कुठल्या गावात, होम का अवे, आणि जी मॅच कॉन्फरन्सची, म्हणजे त्यांच्या गटातल्या कॉलेजाशी, आहे तिच्यापुढं एक चांदणी. नऊ चांदणीवाल्या, आठ बिनचांदणीच्या. मी ते पान वरून खाली तीनदा वाचलं आणि खरं सांगतो, भरून आलं मला. का ते पुढं लिहितो, आधी थोडं सांगावं लागेल.

भाचा मूळचा मिरजेचा. फुटबॉल इथंच शिकला, काळ्या मातीच्या ग्राऊंडवर, जिथं पाऊस झाला की बूट चार-चार इंच आत जातो. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा हा तेरा वर्षांचा होता, पूर ओसरल्यावर ग्राऊंडवर जो गाळ साचला तो वाळून भेगा पडेपर्यंत पोरांनी कुठं खेळायचं म्हणून आम्ही एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये प्रॅक्टिस घेतली होती. पोरगं अभ्यासात हुशार, बारावीनंतर पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली, तीही बऱ्यापैकी आर्थिक मदत मिळाल्यामुळं, नाहीतर दाजींना ते झेपलंच नसतं. ही मदत फुटबॉलची नाही हं, लोक मला सारखं विचारतात म्हणून सांगतो. तिकडं कॉलेजच्या खेळात तीन डिव्हिजन असतात आणि डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप द्यायचीच नाही असा नियम आहे. घरची परिस्थिती आणि मार्क बघून जे मिळेल ते. तिथं गेल्यावर ह्यानं ट्रायल दिली आणि टीममध्ये आला. पहिलं वर्ष सगळं बेंचवर गेलं, दुसऱ्या वर्षी हाफनंतर उतरायला लागला, आता तिसरं.

आणि डिव्हिजन थ्री म्हणजे किरकोळ प्रकार नाही. पुरुषांच्या सॉकरच्या, म्हणजे आपल्या फुटबॉलच्याच, चारशेहून जास्त टीम आहेत त्यात. कॉलेजं बारकी बारकी, एक हजार, दोन हजार पोरं, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या ज्युनिअर कॉलेजात त्यापेक्षा जास्त असतील. २०२३ ला नॅशनल, म्हणजे देशपातळीची स्पर्धा, जिंकलेलं सेंट ओलाफ मिनेसोटातलं, तिथं तीन हजारांच्या आसपास विद्यार्थी. पेनसिल्व्हेनियातल्याच मसाया कॉलेजनं २००० ते २०१७ मध्ये तब्बल ११ वेळा नॅशनल जिंकलंय. २०२२ ला शिकागो युनिव्हर्सिटी जिंकली, त्यांची कोच होती जुलियान सिच, पुरुषांच्या टीमला कॉलेज सॉकरचं नॅशनल जिंकून देणारी पहिली बाई, आणि तेही कोच म्हणून तिच्या पहिल्याच सीझनला, एकही मॅच न हरता. भाच्याच्या कॉलेजपासून फार लांब नसलेलं हॅवरफर्ड म्हणून एक कॉलेज आहे, त्यांची १९०५ ला हार्वर्डबरोबर झालेली मॅच ही आताच्या नियमांनी झालेली अमेरिकेतली कॉलेजा-कॉलेजातली पहिली मॅच धरतात. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं ही पोरं दर पावसाळ्यानंतर, म्हणजे त्यांच्या पानगळीत, असंच तारखा बघून बसनं ह्या गावातून त्या गावात जातायत.

दुसऱ्या दिवशी ताईनं बोलावून घेतलं. तिनं कालनिर्णय खिळ्यावरून काढून चटईवर ठेवलेलं, शेजारी लाल पेन. दूध किती आणि गॅस कधी आला ते ती निळ्या पेननं लिहिते, मॅच लाल पेननं. हे काम दोघांनी मिळून करायचं असं आता ठरूनच गेलंय, कारण टाइमचा गोंधळ होतो. तिकडं बुधवारी संध्याकाळी ७ ची मॅच म्हणजे आपल्याकडं गुरुवारी पहाटे ४:३०. शनिवारी दुपारी १ ची असली तर शनिवारीच रात्री १०:३०. पण दुपारी ४ ची असली की इकडं रविवार लागलेला असतो, दीड वाजलेला, म्हणजे लाल अक्षर रविवारच्या चौकोनात. मी मोबाईलवरून वाचायचं, साडेनऊ तास मिळवायचे, ती चौकोनात लिहिणार, मग मी परत चेक करणार. १ नोव्हेंबरला त्यांची घड्याळं एक तास मागं जातात आणि मग साडेनऊचे साडेदहा होतात. गेल्या वर्षी हे ध्यानात नव्हतं, ताई एक तास आधी उठून चहा करून मोबाईलसमोर बसलेली, आणि स्क्रीनवर नुसतं रिकामं ग्राऊंड आणि गोलपोस्ट. ती तासभर तेच बघत बसली, झोपायला गेली नाही, म्हणाली नजर हलली आणि सुरू झाली तर.

यंदा गणपती १४ सप्टेंबरला, सोमवारी, आणि लगेच बुधवारी त्याची अवे मॅच, म्हणजे गुरुवारी पहाटे घरात गणपती असताना आम्ही सगळे मोबाईलसमोर. अनंत चतुर्दशी शुक्रवारी २५ ला. मिरजेची मिरवणूक ज्यांनी बघितलीय त्यांना माहितीय, त्या कमानी, ती गर्दी, दुसरा दिवस उजाडतो तरी गणपती तलावाकडं चाललेलेच असतात. शनिवारी रात्री साडेदहाला मॅच आहे म्हणल्यावर ताई एवढंच म्हणाली, "बरं झालं, तोवर मिरवणूक उरकलेली असंल." आणि लिहिलं. ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, त्याच्या आदल्या रात्रीच्या चौकोनात तिनं काहीच लिहिलं नाही, नुसता एक लाल ठिपका दिला. तो कॉन्फरन्सच्या फायनलचा दिवस. तिथपर्यंत पोचले तर.

आता हे शेड्यूल बनतं कसं ते मी भाच्याकडून आणि त्याच्या कोचच्या बोलण्यातून जे समजून घेतलंय ते लिहितो, कारण मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॉन्फरन्स म्हणजे शेजारपाजारच्या आठ-दहा कॉलेजांचा गट. गटातल्या प्रत्येकाशी प्रत्येकाची एक मॅच, त्या तारखा गटाचं ऑफिस ठरवतं, त्यात कोचला फारसा हात नसतो. उरलेल्या मॅच मात्र कोच स्वतः जुळवतो. ह्या कोचला फोन, त्या कोचला मेल, यंदा आम्ही तुमच्याकडं येतो पुढच्या वर्षी तुम्ही आमच्याकडं, असा दोन वर्षांचा करार. त्यात बघायचं काय काय, तर बसनं किती तास, पोरांची किती लेक्चर बुडतात, रात्री परत येता येतं का हॉटेल घ्यावं लागतं, त्याच दिवशी त्याच ग्राऊंडवर पोरींच्या टीमची मॅच आहे का, लाइट आहेत का, रेफ्री मिळतात का. आणि ह्या सगळ्यात वर, समोरची टीम किती तगडी घ्यायची.

हे तगडीचं प्रकरण जरा खोलात सांगतो. नॅशनलला ६४ टीम जातात. कॉन्फरन्स जिंकली की थेट एंट्री. बाकीच्या जागा राहतात त्या सीझनभरच्या कामगिरीवरून, आणि २०२४-२५ पासून त्यासाठी एक गणित वापरतात, नुसतं किती जिंकलात एवढंच नाही तर कुणाला जिंकलात, घरी का बाहेर, हे सगळं त्यात धरलं जातं. म्हणजे सोप्या सोप्या टीम घेऊन सगळ्या जिंकल्या तरी फार पदरात पडत नाही, आणि सगळ्या डोंगराएवढ्या घेतल्या तर पोरांचा आत्मविश्वास सप्टेंबरातच जातो. भाच्याच्या कोचनं यंदा पहिल्या पंधरा दिवसांत दोन लई भारी टीम घेतल्यात, दोन्ही बाहेर. मी म्हणलं, एवढ्या लवकर कशाला? तर भाचा म्हणाला, "मामा, कोच म्हणतो हरायचं असेल तर सप्टेंबरात हरू, ऑक्टोबरात चांदणीवाल्या असतात." मला हे फार पटलं. शेड्यूल बनवणारा माणूस तिथं हरण्यालाही जागा ठेवतो. कुठल्या आठवड्यात हरलेलं चालेल आणि कुठल्या आठवड्यात नाही, हे त्यानं मेमध्येच ठरवलेलं असतं.

बरोबरी झाली तरी चालते, २०२२ पासून साध्या मॅचला जादा वेळ काढून टाकलाय, नव्वद मिनिटं संपली की जे असेल ते. जादा वेळ आणि पेनल्टी फक्त पुढच्या बाद फेरीत. घड्याळ मात्र उलटं चालतं त्यांचं, ४५ पासून शून्याकडं, त्याची सवय व्हायला मला एक अख्खं वर्ष लागलं.

आता माझं सांगतो. मी सांगलीतल्या एका कॉलेजात तीन वर्षं फुटबॉल खेळलो. नाव लिहीत नाही कारण हे एका कॉलेजचं नाही, तेव्हा सगळीकडं असंच होतं आणि बऱ्याच ठिकाणी अजून आहे. तीन वर्षांत कॉलेजच्या कीटमध्ये अधिकृत मॅच किती खेळलो, तर चार. मोजून चार. पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन, शेवटच्या वर्षी एक.

पद्धत अशी की शिवाजी युनिव्हर्सिटीत कोल्हापूर, सांगली, सातारा तीन जिल्हे, आधी आपापल्या झोनच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग इंटरझोनल, मग त्यातून युनिव्हर्सिटीची टीम निवडणार आणि ती वेस्ट झोनला जाणार. झोनल म्हणजे नॉकआऊट. हरलात की घरी. शेवटच्या वर्षीचं मला सगळं आठवतंय. मंगळवारी दुपारी जिमखान्याच्या दाराला खडूनं लिहिलेलं, "फुटबॉल, गुरुवार, सकाळी ८, कीट घेऊन जाणे." कुणाबरोबर ते लिहिलंच नव्हतं. आम्ही अकरा आणि वर दोन पोरं, पहाटेच्या एसटीनं गेलो, गोलकीपरला ग्लोव्हज नव्हते, शिपायाकडून घेतलेले बागकामाचे हातमोजे घालून तो उभा राहिला. तीस-तीस मिनिटांची मॅच. एकविसाव्या मिनिटाला कॉर्नरवरून आम्हाला गोल बसला, नंतर आमचा एक बॉल बारला लागून परत आला, तो आवाज अजून कानात आहे, आणि संपलं. साडेनऊला आम्ही स्टँडवर वडापाव खात बसलेलो. कॅप्टन, जो पुढं पोलीस भरतीत गेला, तो बूट काढून मोजे पिळत होता आणि मान खाली घालून म्हणाला, "झालं का रे वर्ष?" कुणीच काही बोललं नाही.

जूनपासून त्या गुरुवारपर्यंत आम्ही रोज पहाटे साडेपाचला ग्राऊंडवर होतो. कशाची तयारी करतोय हे माहीत नव्हतं, कधी आहे माहीत नव्हतं, कुणाशी आहे माहीत नव्हतं. पोरं गळायची. घरचे म्हणायचे कुठं चाललाय रोज, तर सांगायला तारीख नसायची. क्रिकेटवाल्या पोराकडं टुर्नामेंटचं पत्रक असायचं, आमच्याकडं काही नाही. आमच्यातली जी दोन-तीन खरंच चांगली पोरं होती, एक तर असा होता की डाव्या पायानं अर्ध्या ग्राऊंडवरून बॉल पाहिजे तिथं ठेवायचा, ती दुसऱ्या वर्षानंतर यायचीच बंद झाली. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांतला मीही होतो तेव्हा. आज वाटतं, साठ मिनिटांसाठी वर्षभर कोण आणि का थांबेल.

म्हणून ते सतरा मॅचचं पान बघून भरून आलं. जिंकण्या-हरण्याचा विषयच नाही. पहिल्या तिन्ही हरल्या तरी चौथी आहेच, तारखेसकट, टाइमसकट. भाचा पहिल्या वर्षी बेंचवर होता तरी त्याला माहीत होतं की अजून अकरा राहिल्यात, अजून नऊ, अजून सहा, कधीतरी नंबर लागेल. दुखापत झाली तर फिजिओ सांगतो तू अमक्या शनिवारपर्यंत उभा राहशील, तो शनिवार कागदावर असतो. आईला चार महिने आधी कळतं की कुठल्या पहाटे उठायचंय. माझ्या आईनं मला कधीच खेळताना बघितलं नाही, तिला यायचं होतं, पण कधी ते मलाच आदल्या दिवशी कळायचं.

कुणी म्हणेल ती अमेरिका आहे, पैसा आहे. मान्य, ग्राऊंड, बस, लाइट हे सगळं पैशाचं आहे. पण तारखा ठरवायला काय लागतं? पन्नास किलोमीटरवर कोल्हापूर बघा की. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, तालमींच्या टीमांची लीग होते, साखळी पद्धतीनं, एक हरली तरी पुढची असते, आणि गॅलऱ्या भरून लोक येतात. पोरांना मॅच मिळतात म्हणून खेळाडू घडतात, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप भारतात झाला त्या टीममध्ये अनिकेत जाधव कोल्हापूरचा होता. तिथल्या पेठा जे करतात ते आपली सांगली-मिरजेची कॉलेजं का नाही करू शकणार. झोनल नॉकआऊट राहू दे, युनिव्हर्सिटीला वेळ आणि खर्चाचं बघावं लागतं हे मला कळतं, पण त्याच्या आजूबाजूला आपली आपण लीग घ्यायला कुणी अडवलेलं नाही.

तर गेले दोन महिने मी हेच करतोय. चार कॉलेजांच्या स्पोर्ट्सच्या सरांना भेटलो, दोघं लगेच हो म्हणाले, एक म्हणाले परीक्षेचं टाइमटेबल येऊ दे, एकांनी चहा पाजला आणि बघू म्हणाले. अजून दोन टीम उभ्या करायच्यात. सहा टीम धरल्या तर साखळीत एकूण १५ मॅच, प्रत्येकाला ५, आणि होम-अवे दोन्ही घेतल्या तर ३० मॅच, प्रत्येकाला १०. दहा! आमच्या तीन वर्षांच्या अडीचपट, एका सीझनमध्ये. फिक्स्चर काढायची रीत सोपी आहे, सहा नावं दोन ओळीत समोरासमोर लिहायची, पहिलं नाव जागेवर ठेवायचं आणि बाकीची पाच घड्याळाच्या काट्यासारखी एकेक घर सरकवत जायचं, पहिली मांडणी धरून चार वेळा सरकवलं की पाच फेऱ्यांत सगळ्यांची सगळ्यांशी होते. पाचच टीम झाल्या तर सहाव्या जागी रिकामं लिहायचं, ज्याच्यासमोर रिकामं येईल त्याला त्या रविवारी सुट्टी.

रविवारच धरायचे, सकाळी ७ ला पहिली, पावणेनऊला दुसरी, साडेदहाला तिसरी, म्हणजे ऊन चढायच्या आत निदान पहिल्या दोन उरकतात. सप्टेंबरात ग्राऊंड ओलं असतं आणि ओल्या काळ्या मातीवर खेळवलं तर खड्डे पडून पुढं वर्षभर गुडघे मुरगळतात, म्हणून दसरा झाल्याशिवाय सुरुवात नको. दिवाळीचा रविवार सोडायचा. सेमिस्टर परीक्षेचे रविवार सोडायचे. झोनलची तारीख आली तर त्या आठवड्याची मॅच पुढं ढकलायची, रद्द नाही करायची. फेब्रुवारीच्या आत संपवायचं कारण नंतर ग्राऊंड दगडासारखं होतं. रेफ्रीचं मानधन, बॉल, चुना आणि पाणी, एवढाच खर्च, तो टीममागं वाटून घेऊ, जुन्या खेळाडूंपैकी तिघांनी थोडे थोडे द्यायचं कबूल केलंय. त्यातला एक आमचा तो कॅप्टन. फोनवर सगळं ऐकून घेतलं त्यानं आणि म्हणाला, "कागद छापशील तेव्हा एक मला पाठव, नुसतं बघायला."

भाच्याला सांगितलं तर त्यानं त्याच्या शेड्यूलचा फोटो पाठवला, खोलीत पलंगाच्या वर चिकटवलेला, आणि खाली लिहिलं, "मामा, टाइम पण लिहा, नुसती तारीख नको. टाइम असला की पोरं येतात." म्हणून टाइम लिहितोय.

सांगली, मिरज, विश्रामबाग, कुपवाड, जवळपासच्या कुठल्याही कॉलेजचा कुणी जिमखान्याचा माणूस हे वाचत असेल, किंवा रेफ्रीचं काम केलेलं कुणी असेल, तर खाली कमेंट टाका, मी स्वतः येऊन भेटतो. टीम अजून दोन कमी आहेत, ग्राऊंडची परवानगी तोंडी मिळालीय, लेखी यायचीय. पहिली तारीख मी आमच्या कालनिर्णयवर लिहून ठेवलीय, २५ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ७. सध्या पेन्सिलनं.